गार इंजिनाचा आवाज

जुन्या गाडीचं खरं दुखणं दिवसातून एकदाच तोंड उघडतं. रात्रभर उभी राहून इंजिन गारठतं, अंगातलं तेल तळाला उतरतं, आणि सकाळी पहिल्यांदा किल्ली फिरवली की जे तीन-चार सेकंद मिळतात, तेवढ्यात ती सांगायचं ते सांगून टाकते. मग तेल वर चढतं, लोखंड तापतं, सांध्यांतल्या फटी भरतात, आणि गाडी अशी साळसूद होते की जणू त्या गावचीच नाही. ते चार सेकंद हुकले, तर पुढची संधी थेट दुसऱ्या दिवशी.

म्हणून कानसेन मिस्त्रीचा एक नियम होता. सकाळच्या त्रासाची तक्रार आली की गाडी गॅरेजात आणायला सांगायची नाही, आपणच मालकाच्या दारात जायचं. आदल्या दिवशी तो बजावून ठेवायचा, "मी येईपर्यंत किल्लीला हात लावायचा नाही. घराला आग लागली तरी नाही. आग लागली तर तुम्ही पळा, गाडी राहू दे."

हे नाव त्याला त्याच्याच तोंडामुळे पडलं होतं. विशीत असताना कुणीतरी चिडवलं, "इंजिनाला कान लावून काय गाणं ऐकतोस काय?" तेव्हा हा म्हणाला होता, "तानसेन नसलो तरी कानसेन आहे." ते नाव चिकटलं ते चाळीस वर्षं सुटलं नाही. हातभर लांबीचा एक स्क्रू ड्रायव्हर त्याच्या खिशातून कायम डोकावत असायचा. त्याचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. मिनिटभरात तो डोळे उघडून सांगायचा, "तिसऱ्या सिलिंडरचा वॉल्व्ह," आणि इंजिन उघडल्यावर तिसऱ्याचाच वॉल्व्ह निघायचा. शेजारचा टायरवाला म्हणायचा, "हा इंजिनात मुंगी शिंकली तर ऐकेल. मी मात्र हाका मारून घसा बसवला तरी ढिम्म."

टायरवाल्याचा हा विनोद दहा वर्षं जुना होता. गेली दोन वर्षं मात्र तो ऐकताना कानसेन हसायला जरा उशीर करायचा.

कारण आवाज गळायला लागले होते. एकदम नाही. जाड आवाज यायचे, गुरगुर यायची, घरघर यायची. बारीक, उंच पट्टीचे आवाज मात्र, कितीही जोरात असले तरी, स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्यातून येता येता वाटेतच कुठेतरी सांडायचे. कुकरच्या शिट्ट्या दोन झाल्या की तीन हे त्याला आता बायकोच्या हालचालीवरून कळायचं. तिनंही कधी विषय काढला नव्हता. फक्त पूर्वी ती स्वयंपाकघरातून "अहो, ऐकलंत का" अशी हाक मारायची, ती हाक बंद झाली. आता ती ओल्या हातानं येऊन त्याच्या खांद्याला स्पर्श करायची आणि तो वळला की मग बोलायची. हे कधीपासून सुरू झालं ते त्याला आठवत नव्हतं. आठवायचंही नव्हतं.

अशात एका संध्याकाळी नर्सबाई गॅरेजात आल्या.

नर्सबाई बाळंतपणं करायच्या. शहराच्या कडेची वस्ती आणि तिच्यापलीकडची विखुरलेली घरं त्यांच्याकडे होती. त्यांची गाडी एकोणीस वर्षांची, आणि पहिल्या वर्षापासून कानसेनच्याच हातची. बोलावणं कधी यायचं ते पोटातलं बाळ ठरवायचं, आणि बाळांना पहाटेची भारी हौस.

"मिस्त्री, गाडी सकाळी छळते," बाई म्हणाल्या. "सेल्फ मारत बसावं लागतं. आणि लागली की समोरून असा काही खडखडाट करते की शेजारी खिडक्या उघडतात. मग चार सेकंदांत चिडीचूप."

"उद्या सातला येतो. किल्लीला..."

"हात लावायचा नाही. घराला आग लागली तरी नाही. पाठ आहे मला." बाई हसल्या. "मी रात्रपाळीला दवाखान्यात असेन. घरी हे आहेत. ह्यांना फार काही विचारू नका, नुसतं किल्ली फिरवा म्हणा. जन्मभर छापखान्यात बसून दुसऱ्यांच्या चुका काढल्या ह्यांनी, पण घरात एक वाक्य धड पुरं करत नाहीत."

दुसऱ्या दिवशी गवतावर गोठलेल्या दवाचा पांढरा थर होता आणि तोंडातून वाफ निघत होती. बाईंचे यजमान कानांवरून मफलर गुंडाळून फाटकातच उभे होते. किडकिडीत, जाड चष्म्याचे, पाहुण्याला बघून आधी दोन पावलं मागे सरणारे. बॉनेटवर घातलेली जुनी रजई त्यांनी घडी करून काखेत धरली होती.

"या, या. चहा...?"

"आधी इंजिन, मग चहा."

वैद्य जसा आधी नाडीला हात लावतो, तसा कानसेन आधी इंजिनाला तळहात लावायचा. चाळीस वर्षांत हे चुकलं नव्हतं. त्या दिवशी चुकलं. सबंध रस्ताभर तो एकच गोष्ट मनात घोकत आला होता: खिडक्या उघडायला लावणारा आवाज आहे, हा तरी येईल. हा तरी येऊ दे. त्या नादात त्यानं बॉनेट उघडलं, स्क्रू ड्रायव्हर टेकवला, मूठ हाडाशी दाबली आणि डोळे मिटले.

"मारा."

यजमानांनी किल्ली फिरवली. अर्ध्या फेरीत गाडी लागली. कानसेननं श्वास रोखला. एक. दोन. तीन. चार. दांड्यातून फक्त एक जाडसर, सुखी गुणगुण येत होती. बाकी काही नाही.

त्यानं डोळे उघडले.

"लगेच लागली की," तो म्हणाला.

"हो. म्हणजे कधी कधी... लागते."

"आणि आवाज?"

परीक्षकानं विचारावा तसा तो एकच शब्द त्यानं विचारला. यजमानांनी बुटांकडे पाहिलं. मग रजईकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाले, "आला... आला की."

ह्या माणसाला आला. मफलरमध्ये दोन्ही कान गुंडाळून बसलेल्या माणसाला आला. आणि हातभर लोखंड डोक्याला लावून उभ्या असलेल्या कानसेनला आला नाही.

"हां," तो म्हणाला. "आला."

"काही गंभीर...?"

"छे. वयाचा आवाज आहे. आपले गुडघे नाही का वाजत सकाळी उठताना? तसंच. बाईंना सांगा, गाडी ठणठणीत आहे."

चहाला तो थांबला नाही.

त्या दिवसापासून त्याला झोप लागेना. दुपारी गॅरेजात कुणी नसताना तो मनगटावरचं घड्याळ उजव्या कानाला लावायचा, मग डाव्या. उजव्या कानाला काही नाही. डाव्या कानाला असल्यासारखं वाटायचं, पण ती टिकटिक घड्याळाची की आपल्याच रक्ताची, हे समजत नव्हतं. एका गाडीचं तेल बदलून झाल्यावर मालकानं विचारलं, "ऐका ना, काही वेगळं वाजतंय का?" तेव्हा कानसेननं मान एका बाजूला कलती करून, भुवया आवळून, नेहमीचं सगळं नाटक केलं आणि म्हणाला, "नाही." मालक खूश होऊन गेला. कानसेन हात पुसायच्या फडक्यानं बराच वेळ कोरडेच हात पुसत राहिला.

दुसरं काही त्याला येत नव्हतं. संगणक लावून इंजिन तपासणारी नवी दुकानं दोन रस्ते सोडून उघडली होती. त्यांच्याकडे यंत्रं होती. लोक तरीही त्याच्याकडे यायचे, ते त्याच्या कानांसाठी. कान गेले की उरतो तो नुसता मळलेल्या कपड्यांतला एक म्हातारा. बायकोला सांगावं, असं दोनदा त्याच्या जिभेवर आलं. दोन्ही वेळा त्यानं भाजीत मीठ जास्त झाल्याचं सांगितलं.

"नेहमीइतकंच आहे," ती म्हणाली. "तुमची जीभ बदलली असेल."

आठव्या दिवशी दुपारी नर्सबाई आल्या. पायी आल्या. अंगावर आदल्या दिवशीचेच कपडे होते आणि बाहीवर तपकिरी पडलेला एक डाग होता. टायरवाल्यानं त्यांना नेहमीसारखं हसून काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"पहाटे सव्वाचारला बोलावणं आलं," बाई म्हणाल्या. आवाज अगदी सपाट होता, आणि त्या नीट समोर उभ्या राहून बोलत होत्या म्हणून त्याला प्रत्येक शब्द कळला. "टेकडीपलीकडचं घर. पहिलटकरीण. मी सेल्फ मारत बसले, मिस्त्री. वीस मिनिटं. बॅटरी बसली तेव्हा पळत सुटले. अर्ध्या वाटेत एक सायकलवाला भेटला, त्याची सायकल घेतली. पोचले तेव्हा बाळ आलं होतं. आईचं रक्त थांबत नव्हतं. तासभर आधीपासून थांबत नव्हतं."

"आता...?"

"दवाखान्यात आहे. अजून शुद्धीवर नाही. बावीस वर्षांची आहे." त्यांनी बाहीवरच्या डागाकडे पाहिलं आणि हात पाठीमागे घेतला. "तुम्ही ठणठणीत म्हणाला होतात."

त्याला सांगायचं होतं. पण तोंडातून निघालं ते एवढंच, "उद्या सकाळी सातला येतो."

"मी दवाखान्यातच असेन," बाई म्हणाल्या. "हे असतील घरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी यजमान फाटकात उभे होते, तसेच, मफलर गुंडाळून. चेहरा मात्र रात्रभर कुणीतरी पिळून काढल्यासारखा. चहाचं त्यांनी विचारलं नाही. कानसेननं बॉनेट वर केलं, आणि ह्या वेळी हात आपसूक पुढे झाला. नाडी बघायला जातो तसा.

इंजिन कोमट होतं.

त्यानं हात काढला, पुन्हा ठेवला. रात्रभर गारठ्यात उभी राहिलेली गाडी हाताला चावते. ही नुकत्याच झोपेतून उठलेल्या जनावराच्या पोटासारखी ऊबदार होती.

"किल्ली फिरवलीत तुम्ही," तो म्हणाला.

यजमानांनी हातातली रजई छातीशी ओढून धरली.

"मला सांगा. फिरवलीत ना?"

"पाचला उठलो होतो," यजमान म्हणाले. "काल तासभर शेजाऱ्याची बॅटरी लावून कशीबशी लागली. आज तुमच्यासमोर लागलीच नसती तर... म्हणून म्हटलं जरा गरम करून ठेवावी. मग रजई घातली."

"आणि मागच्या वेळी?"

"मागच्या वेळी पण."

"अहो, पण का? मी कालवा करून सांगतो, हात लावू नका म्हणून!"

यजमानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "घरी डॉक्टर यायचे असले की आपण आजाऱ्याचं तोंड धुतो, चादर बदलतो. तसं झालं माझं. इतका भयंकर आवाज करते ती. तुमच्यासारखा माणूस येणार, आणि ती समोर तसली ओरडणार... मला लाजल्यासारखं झालं."

कानसेन त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याच्या डोक्यात काहीतरी सरकलं, आणि तो दोन पावलं पुढे आला.

"म्हणजे मागच्या वेळी आवाज आलाच नव्हता?"

"नव्हता."

"मग तुम्ही 'आला' का म्हणालात?"

"तुम्ही विचारलंत ते अशा काही... मला वाटलं, तुम्हाला आला. नाही म्हटलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, मग रोजचा आवाज गेला कुठे? मग सगळं बाहेर आलं असतं."

उघड्या बॉनेटशी उभे राहून दोन म्हातारे एकमेकांकडे बघत होते. त्या गाडीनं त्या दिवशी काही आवाज केला नव्हता, आणि दोघांनीही तो ऐकला होता.

कानसेनला रडू यायला हवं होतं. यजमानांची कॉलर धरायला हवी होती. पण सांगायलाही शरम वाटावी असं काहीतरी झालं. त्याला आनंद झाला. छातीतून वर आला, थोपवेना. आवाज नव्हताच! तर मग ऐकू येणार कुठून? कान शाबूत होते, आपलेच कान, आठ दिवस उगाच त्यांचं सुतक धरलं! त्यानं यजमानांच्या हातातली रजई काढून घेतली, घडी घातली, परत दिली.

"उद्या पुन्हा येतो," तो म्हणाला. "आणि उद्या किल्ली बाईंच्या उशाखाली ठेवायची. तुमच्या नाही."

घरी येऊन त्यानं बायकोला सगळं सांगितलं, भीतीसकट. दोन वर्षं जे तोंडातून निघालं नव्हतं ते आता सुटलेल्या नळासारखं वाहत होतं, कारण आता ते खोटं ठरलं होतं. "आणि मी वेडा, घड्याळ काय लावतोय कानाला! कान माझे खणखणीत आहेत. गाडीच तापवलेली होती."

बायको ओट्याशी उभी होती. "बरं झालं," ती म्हणाली आणि गॅस बंद करायला वळली. कुकरच्या शिट्ट्या कधी झाल्या, त्या त्यानं ऐकल्या नव्हत्या. त्याच्या ते लक्षातही आलं नाही. तिच्या आलं.

मधूनच त्या बावीस वर्षांच्या मुलीचा विचार दार ढकलायचा. आवाज नव्हता, ठीक. पण न ऐकलेला आवाज आपण ऐकला म्हणालो, आणि वर ठणठणीत म्हणालो, त्याचं काय? ते दार तो खांद्यानं परत लावून टाकायचा. एकच दिवस. एक दिवस तरी सुखानं घालवू दे.

"उद्या मी पण येते," रात्री अंथरूण घालताना बायको म्हणाली.

"तू काय करणार तिथे?"

"नर्सबाईंना भेटायचंय. त्या एवढ्या दमल्यात म्हणता." तिनं उशी झटकली. "तुम्ही इंजिन बघा. मी उभी राहीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघं गाडीभोवती होते. नर्सबाई दवाखान्यातून पहाटे येऊन दोन तास झोपल्या होत्या. नवऱ्यानं सगळं कबूल केल्यापासून किल्ली त्यांच्या मुठीत होती, आणि यजमान त्या मुठीपासून शक्य तितके लांब, भिंतीला टेकून उभे होते. पोरीनं रात्री डोळे उघडले, असं बाई म्हणाल्या. पाणी मागितलं. अजून काही सांगता येत नाही.

कानसेननं इंजिनावर तळहात ठेवला. दगड. बोटं बधिर होतील असा दगड.

"गार आहे," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज जवळजवळ आनंदी होता. स्क्रू ड्रायव्हर टेकवला. मूठ हाडाशी. "मारा बाई."

सेल्फ घरघरला. तो त्याला आला. पुन्हा घरघरला. पुन्हा. सातव्या-आठव्या खेपेला इंजिन लागलं आणि गाडीचं अंग थरथरलं, आणि त्याच्या कानामागच्या हाडात एक जाड, खोल गुरगुर आली. एक. दोन. तो वाट बघत होता. तीन. आता येईल.

मग त्याला वाटलं, डोळे उघडावेत.

यजमानांनी दोन्ही हात कानांवर दाबून धरले होते. नर्सबाईंचे दात एकमेकांवर आवळलेले होते. पलीकडच्या घराची खिडकी उघडली होती आणि तिथून कुणीतरी हातवारे करत होतं. त्याच्या बायकोचा चेहरा भांडी पडल्यावर होतो तसा आकसला होता. आणि त्याच्या डोळ्यांदेखत ते चारही चेहरे सैल झाले, एकदम, एकाच क्षणी. आवाज थांबला होता. जो सुरू झाल्याचं त्याला कळलंच नव्हतं, तो आवाज थांबला होता.

आजची संधी संपली.

त्यानं स्क्रू ड्रायव्हर खाली घेतला. इंजिन आता गोडपणे चालत होतं. सगळे त्याच्याकडे बघत होते, तिसऱ्याचा वॉल्व्ह की चौथ्याचा, ते ऐकायला. मान कलती करून, भुवया आवळून काहीही सांगता आलं असतं. दोन क्षण त्याची मान कलती व्हायलाही लागली होती.

"बाई," तो म्हणाला, "मला ऐकू आलं नाही."

"काय ऐकू आलं नाही?"

"काहीच नाही. आत्ता जे झालं ते. मला दोन वर्षांपासून बारीक ऐकू येत नाही. त्या दिवशी ह्यांनी आवाज आला म्हटलं, मला आला नव्हता, तरी मी आला म्हटलं. लाज वाटली."

नर्सबाईंनी इंजिन बंद केलं. किल्ली हातात घेऊन त्या खाली उतरल्या. आधी भिंतीशी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं, मग कानसेनकडे.

"ह्यांना लाज गाडीची," त्या म्हणाल्या. "तुम्हाला लाज कानांची. आणि मी पहाटे चारला, अंधारात, बॅग छातीशी धरून पळतेय. आणि ती पोरगी..." त्यांनी किल्ली टपावर ठेवली. ठेवली म्हणजे आपटली.

"अगं..." यजमान म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा. वाक्य पुरं नाही केलंत, तर आज पहिल्यांदा बरं होईल."

कानसेनला वाटलं, आता इथून चालत निघावं आणि गॅरेजकडे वळूच नये. हातातला स्क्रू ड्रायव्हर रस्त्याकडेला कुठंतरी टाकून द्यावा. चाळीस वर्षं गेली ती गेली. तेवढ्यात खांद्याला स्पर्श झाला. ओल्या नव्हे, गार हाताचा.

"विचारा ना मला," बायको म्हणाली.

"काय विचारू?"

"कसा होता ते. मला आला आहे. मला त्यातलं काही कळत नाही, पण आला आहे."

चाळीस वर्षांत त्यानं कुणाला असं विचारलं नव्हतं. लोक त्याला विचारायचे. शब्द शोधायला त्याला वेळ लागला.

"घड्याळासारखा टकटक होता? का खोल, दार ठोठावल्यासारखा?"

"दोन्ही नाही." ती विचार करत होती. "आपल्या चमच्यांचा खण आहे ना, झटक्यानं ओढला की सगळे चमचे एकदम खळखळतात? तसा. पण खण ओढतच राहिलं तर कसं होईल, तसा लांबलचक."

"खालून की समोरून?"

"समोरून. पट्टा फिरतो त्या बाजूनं. मी तिकडेच उभी होते."

"वाजवून दाखव."

ती संकोचली. मग तिनं त्याचा हात ओढून घेतला आणि त्याच्या उघड्या तळहातावर नखांनी वाजवायला लागली. भराभर, दाटीवाटीनं, जागा सोडून पुन्हा त्याच जागी. त्यानं डोळे मिटले. त्वचेला ते सगळं कळत होतं.

"आणि थांबला तो कसा? हळूहळू विरला की तुटला?"

"तुटला," ती म्हणाली आणि वाजवणं थांबवून तिनं आपला तळहात त्याच्या तळहातावर गच्च दाबला. "असा. वरून कुणीतरी हात ठेवला."

"तेल पोचलं," तो म्हणाला. डोळे अजून मिटलेले होते. "तेलाच्या दाबानं आतल्या चेनला ताण आला. टायमिंगची, म्हणजे वॉल्व्ह वेळेवर उघडणारी चेन आहे. सैल झाली आहे. चेन सैल म्हणजे वॉल्व्ह उशिरा उघडणार, म्हणून गारठ्यात लागतही नाही. एकच दुखणं आहे, दोन तोंडांनी बोलतंय."

त्यानं ते मोठ्यानं, ठामपणे सांगितलं. पण सांगताना पहिल्यासारखं काही वाटलं नाही. दुसऱ्याचा चष्मा लावून पत्र वाचल्यासारखं वाटलं.

इंजिनाचं समोरचं झाकण उघडायला दुपार झाली. चेन ज्याच्यावरून सरकते ती पट्टी मधोमध मोडून पडली होती, आणि मोकळ्या झालेल्या चेननं झाकणाच्या आतल्या बाजूला घासून तिथे करवतीनं कापल्यासारखी खाच पाडली होती. कानसेननं त्या खाचेतून बोट फिरवलं. किती सकाळी लागल्या असतील एवढी खोल व्हायला? तो आवाज इतक्या वेळा, इतक्या मोठ्यानं झाला होता. यजमानही वाकून बघत होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

नवी चेन, नवी पट्टी, ताण देणारा नवा भाग, सगळं बसवायला दोन दिवस लागले. तिसऱ्या रात्री गाडी अंगणात उघड्यावर उभी ठेवली. रजईविना. नर्सबाई आल्या-गेल्या, चहा ठेवून गेल्या, पण त्याच्याशी कामापुरतंच बोलल्या. पोरगी वाचेल असं डॉक्टर म्हणत होते. पुन्हा मूल होणार नाही, असंही म्हणत होते. हे त्यांनी त्याला जाता जाता, पाठमोऱ्याच सांगितलं. त्याला ऐकू आलं नाही. बायकोनं मग वाटेत त्याला समोर उभं करून सांगितलं.

चौथ्या दिवशी सकाळी पुन्हा तोच पांढरा थर, तीच वाफ. इंजिनावर हात: दगड. नर्सबाई बसल्या, पण किल्ली फिरवण्याआधी त्यांनी काच खाली केली.

"मिस्त्री, एक ऐका. ह्यापुढे माझ्या गाडीला ठणठणीत म्हणायचं ते तुम्ही एकट्यानं म्हणायचं नाही."

"नाही म्हणणार," तो म्हणाला.

स्क्रू ड्रायव्हर खिशात होता. तो त्यानं काढला नाही. इंजिनाकडेही पाहिलं नाही. तो बायकोसमोर उभा राहिला आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला: कपाळावरच्या आडव्या रेघा, डोळ्यांचे कोपरे, ओठ. सेल्फ घरघरला. इंजिन लागलं, पहिल्याच खेपेला. एक. दोन. तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. तीन. एक पापणी लवली, ती थंडीनं. चार.

"काही नाही," ती म्हणाली. मग त्याला ओठ नीट दिसावेत म्हणून सावकाश, पुन्हा एकदा, "काही नाही, अहो."

नर्सबाईंनी तिच्याकडे पाहिलं, त्याच्याकडे नाही. मान हलवली आणि गाडी दवाखान्याच्या रस्त्याला लावली. वळणापर्यंत ती जाताना दिसत होती. तिचा आवाज मात्र त्याच्यासाठी फाटकातच संपला होता.